‘ऑर्नेट’ कधी म्हणावे, कधी म्हणू नये

इंग्रजी लिहायला शिकत होते तेव्हा एका लग्नाचे वर्णन करताना मी लिहिले होते, ‘द हॉल वॉज ऑर्नेट.’ झेंडूच्या माळा, दारावर तोरण, स्टेजमागे फुलांचा पडदा, दिव्यांच्या माळा. शब्दकोशात ‘ऑर्नेट’पुढे ‘अलंकृत, सुशोभित’ असे दिले होते आणि हॉल तर नक्कीच सुशोभित केलेला होता. वही तपासणाऱ्या बाईंनी वाक्याखाली रेघ मारली नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी माळा उतरवल्यावर हॉल कसा दिसत होता?’ चार भिंती, ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या. मग तो हॉल ‘डेकोरेटेड’ होता, ‘ऑर्नेट’ नव्हता.

हा शब्द नीट कळायला आणि वापरायला तो एक प्रश्न फार उपयोगी पडतो. नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी तो इथे पायरीपायरीने उलगडते आहे.

पहिली पायरी: उच्चार

हे थोडक्यात. आघात दुसऱ्या अवयवावर आहे: ऑर्-नेट, जोर ‘नेट’वर. हा ‘नेट’ इंटरनेटमधल्यासारखा तोकडा नाही, ‘गेट’, ‘प्लेट’, ‘लेट’मधल्यासारखा लांब आहे.

मुद्दाम सांगायचे कारण असे, की याच्याच शेजारचे दोन शब्द वेगळ्या चालीने जातात. ‘इलॅबरेट’ आणि ‘इंट्रिकेट’ ही विशेषणे लिहिताना शेवटी तशीच अक्षरे येतात, पण बोलताना तो शेवट जवळजवळ गिळला जातो: इलॅबरिट, इंट्रिकिट. ‘इलॅबरेट’ क्रियापद म्हणून वापरला, म्हणजे ‘सविस्तर सांगणे’ या अर्थाने, तरच त्याचा शेवट लांबतो. ‘ऑर्नेट’मध्ये आघातच शेवटावर असल्याने तो कधीच गिळला जात नाही. शब्द स्वराने सुरू होतो म्हणून त्याच्या आधी नेहमी ‘ॲन’ येते, ‘अ’ नाही.

दुसरी पायरी: मूळ

‘ऑर्नेट’ पंधराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. तो आला लॅटिनमधल्या ‘ऑर्नारे’ या क्रियापदापासून. ‘ऑर्नमेंट’ आणि ‘ॲडॉर्न’ ही त्याचीच भावंडे. सजवणे हा ‘ऑर्नारे’चा एक अर्थ झाला. दुसरा अर्थ सज्ज करणे, लागेल ते सगळे पुरवणे. लढाईसाठी जहाजांचा ताफा तयार करायचा तरी रोमन लोक हेच क्रियापद वापरत. ‘सबॉर्न’ हा कोर्टकचेरीतला इंग्रजी शब्दही इथलाच: एखाद्याला आतून, गुपचूप ‘तयार करणे’, म्हणजे खोट्या साक्षीसाठी फितवणे.

मराठी माणसाला हे समजायला कष्ट पडू नयेत. आपल्याकडे ‘साज’ हा शब्द हेच करतो. घोड्याचा साज म्हणजे खोगीर, लगाम, रिकीब, त्याशिवाय स्वारी होत नाही. कोल्हापुरी साज म्हणजे गळ्यातला दागिना. ‘अलंकार’ शब्दाची घडणही अशीच आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, आणि ‘अलम्’ला ‘कृ’ धातू जोडला की जुन्या संस्कृतात अर्थ होतो तयार करणे, सिद्ध करणे. सजवण्याचा अर्थही त्याच शब्दाला आहे. रोममध्ये आणि आपल्याकडे लोकांना एकच गोष्ट दिसली होती: नटवणे म्हणजे वरून काही चिकटवणे नव्हे, वस्तू पुरी करणे. मला ही जोडी फार आवडते. ती लक्षात राहिली की पुढची पायरी आपोआप सुटते.

तिसरी पायरी: उतरवून बघा

‘ऑर्नेट’ म्हणायचे तर सजावट वस्तूच्या घडणीतच असावी लागते. मनातल्या मनात ती उतरवून बघा. उतरली आणि वस्तू तशीच्या तशी राहिली, तर ‘डेकोरेटेड’ म्हणा. उतरवता उतरवता वस्तूच मोडायला लागली, तर ‘ऑर्नेट’ शोभेल.

घरातला देव्हारा घ्या. गणपतीत त्याला केळीचे खांब, फुले, रंगीत कागद लावले की तो ‘डेकोरेटेड’. पण त्याच्या महिरपीवर वेल कोरलेली आहे, वर मोर बसवलेत, खांबांना केळफुले काढलीत, तर तो वर्षाचे बारा महिने ‘ऑर्नेट’. कोरलेली वेल काढायची तर लाकूडच तासावे लागेल.

दुसरी अट दाटपणाची. एक नक्षी असून भागत नाही, नजर फिरेल तिथे काहीतरी असावे लागते. कडेला एकच बारीक वेल काढलेल्या ताटाला कोणी ‘ऑर्नेट’ म्हणणार नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीजवळ उभे राहा. पट्ट्यांवर पट्ट्या, कोनाड्यांत मूर्ती, मूर्तींच्या मधेही कोरीवकाम, सपाट दगड शोधावा लागतो. तिथे ‘रिचली ऑर्नेट’ लिहिताना हात अडखळत नाही. रायगडावरचे जगदीश्वराचे मंदिर साधे आणि भक्कम आहे. त्याला ‘प्लेन’ किंवा ‘ऑस्टिअर’ म्हणावे, आणि तसे म्हणण्यात कोणताही उणेपणा नाही.

तिसरी गोष्ट माणसांबद्दल. नवरीला ‘ऑर्नेट’ म्हणू नका. तिची नथ ‘ऑर्नेट’ असू शकते, हार ‘ऑर्नेट’ असू शकतो, शालूचा पदर ‘ऑर्नेट’ असू शकतो. ती स्वतः नाही. हा शब्द घडवलेल्या वस्तूंचा आहे. त्याच न्यायाने जंगल, सूर्यास्त, मोराचा पिसारा यांच्यासाठीही तो चटकन वापरू नये. कवी वापरतात, पण ते जाणूनबुजून, निसर्गाला कारागिराच्या ओळीत बसवण्यासाठी.

चौथी पायरी: ओव्हल मैदानावर जाऊन बघा

शक्य असेल त्यांनी हा धडा पुस्तकातून न शिकता मुंबईत, ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहून शिकावा. पूर्वेकडे तोंड करा. समोर दिसतो तो राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, मुंबईत पाऊलही न ठेवता केलेला. पैसा व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा, आणि नाव त्यांच्या आईचे. वर जाणाऱ्या प्रत्येक टप्प्यावर कमानी, नक्षीदार कठडे, कोनाडे आणि पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांच्या मूर्ती. इथे बिनधास्त म्हणा: ‘ॲन ऑर्नेट क्लॉक टॉवर.’

शेजारीच हायकोर्ट आहे. त्याच काळातले, त्याच गॉथिक (टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीच्या) घराण्यातले, पण त्याच्याकडे बघून आधी जाणवतो तो भारदस्तपणा. माझ्या मते तिथे ‘इम्पोझिंग’ हा पहिला शब्द, ‘ऑर्नेट’ दुसरा. जुनी दगडी इमारत दिसली की ‘ऑर्नेट’ लिहायची सवय अनेकांना लागते, ती इथेच सोडवावी.

आता पाठ फिरवा. पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या राहत्या इमारतींची रांग आहे. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, सरळ पट्ट्या, इमारतीच्या नावाची देखणी अक्षरे. सजावट आहे, पण मोजून मापून आणि मोकळी जागा सोडून. इथे ‘ऑर्नेट’ चुकीचा ठरेल. ‘स्टायलिश’, ‘एलिगंट’, ‘स्ट्रीमलाइन्ड’ हे शब्द चालतील. युनेस्कोने २०१८ साली मैदानाच्या या दोन्ही बाजू एकत्रच जागतिक वारसा यादीत घेतल्या. सुंदर दोन्ही, ‘ऑर्नेट’ एकच. ‘ऑर्नेट’चा अर्थ ‘सुंदर’ नाही हे माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथेच सांगते, आणि तिथे ते एका मिनिटात पटते.

वेळ असेल तर पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत चालत जा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ साली सुरू झालेल्या या स्टेशनाला जवळपास दहा वर्षे लागली. तिथल्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दारावरचे सिंह आणि वाघ, दगडातले मोर, पाने, प्राणी. रोज लाखो माणसे लोकल पकडायच्या घाईत त्याखालून जातात. एखाद दिवशी दहा मिनिटे आधी निघावे आणि मान वर करावी.

पाचवी पायरी: शेजारचे शब्द

या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

‘इलॅबरेट’ म्हणजे तपशिलात जाऊन, अनेक भाग जुळवून केलेले. योजना ‘इलॅबरेट’ असते, जेवणाचा बेत ‘इलॅबरेट’ असतो, फसवणूकसुद्धा ‘इलॅबरेट’ असते. यांपैकी एकही गोष्ट ‘ऑर्नेट’ नसते, कारण डोळ्यांना दिसणारी नक्षी त्यांत नाही. उलट दिशेने मात्र जाता येते: ‘ऑर्नेट’ वस्तू बहुधा ‘इलॅबरेट’ही असते.

‘इंट्रिकेट’मध्ये बारीक गुंतागुंत आहे, धाग्यात धागा अडकलेला. पैठणीच्या काठातले विणकाम ‘इंट्रिकेट’, त्यातून तयार झालेला जरीचा भरगच्च पदर ‘ऑर्नेट’. पहिला शब्द कारागिराच्या बोटांकडे बघतो, दुसरा बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे. घड्याळाच्या आतली यंत्रणा ‘इंट्रिकेट’ असते, ‘ऑर्नेट’ नसते. घड्याळाची पेटी ‘ऑर्नेट’ असू शकते.

‘डेकोरेटिव्ह’ हेतू सांगतो: शोभेसाठी ठेवलेले. शोभेचा एक साधा गुळगुळीत दगडही ‘डेकोरेटिव्ह’ होतो. ‘लॅव्हिश’ आणि ‘ऑप्युलंट’ पैसा सांगतात. ‘गॉडी’ म्हणजे भडक, आणि तो सरळसरळ नापसंतीचा शब्द आहे. कोणाच्या घराला जपून लावा.

‘फ्लोरिड’चे मूळ लॅटिनमधल्या फुलात आहे. तो भाषेला आणि संगीताला जास्त लागतो, शिवाय लालबुंद चेहऱ्यालाही. ‘फ्लॅम्बॉयंट’ हा मुळात फ्रेंच, ज्वालांसारखा. फ्रान्समधल्या गॉथिक शैलीच्या अखेरच्या काळातल्या चर्चांच्या खिडक्यांत दगडाच्या जाळ्या ज्वालांसारख्या वळवलेल्या असतात, तिथून तो स्थापत्यात आला. आज तो कपड्यांना आणि माणसांच्या वागण्यालाही लागतो. ‘ऑर्नेट’ला माणूस चालत नाही, ‘फ्लॅम्बॉयंट’ला चालतो.

‘बरोक’चे मूळ बहुधा पोर्तुगीज ‘बरोको’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ वेडावाकडा मोती. हे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय कलेचे नाव. ‘ऑर्नेट’ कोणत्याही काळाला लागतो, ‘बरोक’ मुळात एका काळाचा आहे. लाक्षणिक अर्थाने मात्र तो गरजेपेक्षा गुंतागुंतीच्या नियमांनाही लावतात. ‘रोकोको’ त्याच्या नंतरचा, शिंपल्यांच्या वळणांचा, नाजूक.

जुन्या गोव्यातले बॉम जेझस चर्च इथे चांगली शिकवण देते. बांधकाम १५९४ साली सुरू झाले, १६०५ साली चर्चचा अभिषेक झाला. बाहेरून भिंतींना गिलावा नाही, लालसर जांभा दगड उघडा आहे. आत गेल्यावर समोर सोनेरी मुलाम्याची भव्य वेदी. संपूर्ण चर्चला ‘ऑर्नेट’ म्हटले तर बाहेरचा जांभा खोटा पडतो. म्हणून भागाला म्हणा: ‘ॲन ऑर्नेट गिल्डेड ऑल्टर.’ चांगले लिहिणारे हा शब्द बहुतेक वेळा छत, चौकट, कठडा, दार अशा नेमक्या भागाला लावतात.

सहावी पायरी: भाषेला लावताना

वस्तूंच्या बाबतीत ‘ऑर्नेट’ तटस्थ आहे. भाषेच्या बाबतीत तसा राहत नाही. ‘ऑर्नेट प्रोज’ असे आजच्या समीक्षेत वाचले तर कौतुकाबरोबर थोडी कुरकुर आहे असे समजावे.

नेहमी असे नव्हते. रोमन वक्तृत्वशास्त्रात ‘ऑर्नेटस’ हा शैलीचा गुण होता, शुद्धता, स्पष्टता आणि औचित्य यांच्या पंक्तीला बसणारा. पारडे हळूहळू फिरले. १८६४ साली वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने कवितेचे तीन प्रकार सांगितले आणि इंग्रज कवी टेनिसनला ‘ऑर्नेट’च्या खान्यात घातले. उदाहरण घेतले ‘एनॉक आर्डन’ या कवितेचे. त्यातला नायक कोळी आहे, मासे विकतो. टेनिसन मासळी न म्हणता सागराची लूट म्हणतो, आणि टोपलीलाही समुद्राच्या वासाचे विशेषण लावतो. मासे विकण्याच्या कामाचे एवढे अवडंबर क्वचितच कोणी केले असेल, अशा अर्थाचे बॅजट लिहितो. आपल्या कोळीवाड्यातली पाटी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्याला काय खटकले ते कळेल. मला मात्र त्या ओळी आवडतात. शब्दांचा साज कुठे शोभतो आणि कुठे जड होतो याबद्दल दोन जाणते वाचक वेगळे बोलू शकतात, आणि ‘ऑर्नेट’ हा शब्द दोघांच्याही कामी येतो.

मराठीतले उदाहरण हवे तर पंडित कवी आहेतच. वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणत. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली असे सांगतात. त्यांतले निरोष्ठ रामायण ओठ न मिटता म्हणता यावे असे रचलेले आहे: प, फ, ब, भ, म यांना त्यात जागाच नाही. इंग्रजीत मराठी साहित्याचा परिचय लिहायचा असेल तर या कवितेला ‘ऑर्नेट’ नक्की म्हणा, आणि तुकोबांच्या अभंगाला ‘प्लेन’ किंवा ‘डायरेक्ट’. इथेही उतरवून बघण्याची कसोटी लागते. निरोष्ठ रामायणातून ती अक्षरांची कसरत काढली तर रामकथा उरेल, निरोष्ठ रामायण उरणार नाही.

सातवी पायरी: वाक्यात बसवणे

विशेषणांचा क्रम सांभाळा. आकार आधी, मग ‘ऑर्नेट’, मग वस्तू कशाची आहे ते: ‘अ लार्ज ऑर्नेट मिरर’, ‘ॲन ऑर्नेट वुडन डोअर’. ‘वुडन ऑर्नेट डोअर’ कानाला खटकते.

‘ऑर्नेट विथ फ्लॉवर्स’ असे सहसा लिहीत नाहीत. ‘विथ’ हवा असेल तर ‘डेकोरेटेड विथ’ किंवा ‘ॲडॉर्न्ड विथ’ घ्या. तुलना ‘मोर ऑर्नेट’ आणि ‘मोस्ट ऑर्नेट’ अशी करावी. ‘ऑर्नेटनेस’ हे नाम चुकीचे नाही, पण ‘ऑर्नमेंटेशन’ जास्त सहज वाटते.

पसंती-नापसंती सांगायची असेल तर ती शेजारच्या क्रियाविशेषणावर सोपवा. ‘रिचली ऑर्नेट’, ‘ब्युटिफुली ऑर्नेट’ म्हटले की शाबासकी. ‘ओव्हरली ऑर्नेट’, ‘टू ऑर्नेट फॉर अ स्मॉल रूम’ म्हटले की तक्रार. एकट्या ‘ऑर्नेट’मधून वाचकाला तुमचे मत कळेल असे समजू नका.

आठवी पायरी: मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्यांसाठी ही पायरी खास महत्त्वाची. इंग्रजीत दगड, कापड, सोने, लाकूड, वाक्य, सगळ्यांना एकच ‘ऑर्नेट’ चालतो. मराठी मात्र आधी विचारते, कशाचे? दगडाचे असेल तर कोरीव. लाकडाचे असेल तर नक्षीदार. कापड भरजरी किंवा वेलबुट्टीचे. दागिना कलाकुसरीचा, खडे असतील तर जडावाचा. भाषा आलंकारिक, वाक्ये पल्लेदार, आणि तोल गेला असेल तर शब्दबंबाळ. प्रत्येक शब्दामागे एक कारागीर उभा आहे: पाथरवट, सुतार, विणकर, सोनार, लेखक.

म्हणून ‘ऑर्नेट’ दिसला की डोळे झाकून ‘अलंकृत’ लिहू नका. ‘अलंकृत दरवाजा’ वाचून मराठी वाचकापुढे काहीच उभे राहत नाही. ‘नक्षीदार दरवाजा’ म्हटले की पितळी कड्या आणि वरची गणेशपट्टी लगेच दिसते. मूळ वाक्यात वस्तू कशाची आहे ते सांगितले नसेल तर आसपासच्या ओळींत शोधा, चित्र असेल तर चित्र बघा, मगच शब्द निवडा. उलटे, मराठीतून इंग्रजीत जाताना ‘ऑर्नेट’ एकट्यावर समाधान मानू नका. ‘भरजरी शालू’साठी नुसते ‘ऑर्नेट सारी’ लिहिले तर जर हरवते. ‘ॲन ऑर्नेट सिल्क सारी, हेवी विथ गोल्ड थ्रेड’ लिहा.

सराव

घरातल्या किंवा आजोळच्या वाड्यातल्या पाच वस्तू निवडा. एक लाकडाची, एक धातूची, एक कापडाची, एक दगडाची किंवा मातीची, आणि एखादे जुने पत्र किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर. प्रत्येकीवरची सजावट मनात उतरवून बघा आणि ‘प्लेन’, ‘डेकोरेटेड’, ‘इंट्रिकेट’, ‘ऑर्नेट’ यांपैकी एकच शब्द लावा. मग एक इंग्रजी वाक्य लिहा, त्याखाली त्याचे मराठी. मराठी वाक्यात ‘अलंकृत’ आणि ‘सुशोभित’ या दोन शब्दांना बंदी. पाचपैकी दोनपेक्षा जास्त वस्तू ‘ऑर्नेट’ निघाल्या, तर यादी घेऊन वस्तूंसमोर परत उभे राहा. पहिल्या खेपेला मीसुद्धा चार लिहिल्या होत्या. त्यांतली खरी एकच होती, आजीचा पितळी पानाचा डबा: झाकणावर मोर, कडेने वेल आणि कडीलाही एक बारीक पान.